मेथी निवडायला येणारे सुपरवायझर

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दोनशे रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध एकटेच बसले होते. मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम होता. एका शाळेचा कॅफेटेरिया भाड्याने घेतला होता आणि आमंत्रणात दुपारी चार अशी वेळ छापली होती. आम्ही अमेरिकेत, कोलंबसला नवीन होतो, शहराला लागून असलेल्या डब्लिनमधल्या अपार्टमेंटमध्ये सामान अजून खोक्यांतच होतं. मी नवऱ्याच्या मागे लागले होते की पहिल्याच दिवशी उशीर नको, तरी व्हायचा तो झालाच. आत कार्यकर्त्यांचासुद्धा पत्ता नव्हता. एक उंच, सडपातळ, कोट घातलेले म्हातारे गृहस्थ मांडीवर नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बसले होते. आम्हाला बघून त्यांनी नॅपकिन उलगडला. आत किल्ली द्यायचं गजराचं घड्याळ होतं. ते बघून म्हणाले, "सोळा मिनिटं. नवीन दिसता, म्हणून चालेल."

कार्यक्रम सव्वापाचला सुरू झाला. संपायची छापील वेळ सात. बरोबर सातला, स्टेजवरच्या नाटकात सासरेबुवा नेमके सोफ्यामागे लपलेले असताना, काका उठले, आपली खुर्ची घडी करून भिंतीला टेकवून ठेवली आणि निघून गेले. कोणी हसलं नाही की रागावलं नाही. शेजारची बाई मला म्हणाली, ते असेच आहेत, त्यांच्याकडे जेवायला बोलावलं असेल तर मात्र जपून, उशिरा आलेल्याला ते आत घेत नाहीत. मला वाटलं, गंमत करते आहे. पुढे एकदा आम्ही वीस मिनिटं उशिरा गेलो तेव्हा त्यांच्या दाराला चिठ्ठी चिकटवलेली होती: 'जेवण झाले. पुन्हा केव्हातरी जरूर यावे.' नवरा पार्किंग लॉटमध्ये पोट धरून हसला. मी भडकले होते, कारण मी उपाशी होते. माझा स्वभाव तापट आहे, ते आधीच सांगून ठेवते.

काका मूळचे सांगलीकडचे. आमच्यासारखे आयटीवाले इथे यायच्या कितीतरी आधी आलेले. पंपांच्या एका कारखान्यात इंजिनीअर म्हणून त्यांचा जन्म गेला. बायको वारली होती, मुलगा सिएटलला. निवृत्तीनंतर माणसं गोल्फ खेळतात नाहीतर क्रूझवर जातात. काकांनी जवळच्या हायस्कूलमध्ये परीक्षेच्या सुपरवायझरचं काम धरलं होतं. वर्षातून फक्त दोन आठवडे, मे महिन्यात, एपीच्या परीक्षांना. पगार नावापुरताच. पण काकांचं सगळं वर्ष त्या दोन आठवड्यांसाठी चाललेलं असायचं.

एपी म्हणजे काय ते तिकडच्या वाचकांसाठी सांगते. शाळेत असतानाच मुलं कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा एखादा विषय शिकतात आणि मे महिन्यात त्याची परीक्षा देतात. पाचपैकी मार्क असतात. चांगले मिळाले की पुढे कॉलेज म्हणतं, ठीक आहे, हा विषय तुझा झाला असं धरतो, क्रेडिट घे आणि पुढच्या वर्गात बस. असे चार-पाच विषय जमवले की कॉलेजचं जवळजवळ एक वर्ष वाचतं. आपल्या लोकांच्या घरांत मार्च-एप्रिलमध्ये दुसरा विषयच नसतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी काका शाळेत जाऊन टेपने दोन बाकांमधलं अंतर मोजायचे. पाच फूट म्हणजे पाच फूट. मुलांनी त्यांना 'मिस्टर फाइव्ह फीट' असं नाव ठेवलं होतं. सूचनांची छापील पुस्तिका ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवत. तीच पुस्तिका, पण दरवर्षी पहिल्यांदाच हातात आल्यासारखी. आणि गजराच्या घड्याळाचा गजर मात्र ते कधीच वाजू द्यायचे नाहीत. वेळ संपायच्या आधी हळूच कळ दाबून बंद करायचे आणि तोंडाने सांगायचे. मी विचारलं, मग गजर लावताच कशाला? तर म्हणाले, माझी डुलकी लागली तर तो हवा, पण वाजला की मुलं दचकतात.

माझी मुलगी दहावीत होती तेव्हा माझा नवरा गेला. सकाळी जिममध्ये कोसळला आणि हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती, प्रत्येकजण काही ना काही बोलत होता, आणि मला वाटत होतं की ह्या सगळ्यांनी जरा गप्प बसावं. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला, चारला येतो. चारला आले, सोफ्यावर बसले, अर्धा तास एक अक्षर बोलले नाहीत. साडेचारला उठले. दारापाशी माझी मुलगी उभी होती. तिला त्यांनी विचारलं, "गणित कुठवर आलंय?"

तिने काहीतरी सांगितलं. ते म्हणाले, मंगळवारी साडेसहाला येतो.

तेव्हापासून दोन वर्षं, दर मंगळवारी आणि गुरुवारी साडेसहाला आमची बेल वाजायची. साडेसातला ते जायचे. बर्फ असो, काही असो. मुलगी किचनच्या टेबलाशी वही उघडून बसायची आणि काका समोर. पण ते फळ्यावर लिहून शिकवतात तसलं काही करायचे नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, हाताला काही काम आहे का, मला रिकामं बसता येत नाही. मी इंडियन स्टोअरमधून आणलेली मेथीची जुडी धुवायला काढली होती, ती त्यांनी पुढे ओढली. मग मुलगी गणित सोडवायची आणि काका मेथी निवडायचे. ती अडली की वहीकडे न बघता म्हणायचे, "मागची ओळ बघ." ती बघायची आणि चूक तिथेच असायची. बरोबर आलं की म्हणायचे, "पुढे." बाकी तासभर घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू यायची.

मी एकदा पैशांचं बोलले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा तो विषय काढायची छाती झाली नाही. म्हणाले, "मी शिकवतो कुठे? मी मेथी निवडायला येतो." पुढे ते आमच्या घरातलं बोलणंच झालं. मंगळवार-गुरुवार आमच्याकडे मेथी व्हायची. मुलगी वैतागून म्हणायची, आई, कॅन वी प्लीज गिव्ह हिम भेंडी?

बारावीच्या सुरुवातीला मुलीने एक कागद फ्रिजवर लावला. कॉलेज चार वर्षांऐवजी तीन वर्षांत कसं संपवायचं त्याचा तक्ता. मी तिला काही सांगितलं नव्हतं, पण घरात एकच पगार आहे आणि तो कुठे कुठे जातो हे तिला दिसत होतं. तिला इंजिनीअरिंगला जायचं होतं. इतर विषयांची क्रेडिट्स होतीच, पण सगळा तक्ता उभा होता कॅल्क्युलसवर, म्हणजे गणितावर. ते क्रेडिट मिळालं तर पहिल्याच सेमिस्टरला पुढच्या वर्गात बसता येणार, त्यावर फिजिक्स, त्यावर पुढचं सगळं. ते नसेल तर प्रत्येक गोष्ट एकेक पायरी मागे, आणि मग चार वर्षं. चौथ्या वर्षाची फी मी कुठून आणणार होते, ते मला माहीत नव्हतं. कागदावर कॅल्क्युलसच्या चौकोनाभोवती तिने लाल गोल काढला होता. मी दूध काढायला फ्रिज उघडायचे तेव्हा दरवेळी तो दिसायचा.

मे महिन्यात कॅल्क्युलसचा पेपर झाला. ती ज्या खोलीत बसली त्या खोलीचे सुपरवायझर काकाच होते. संध्याकाळी तिने सांगितलं की दारात काकांनी तिचं ओळखपत्र मागितलं, नाव विचारलं, यादीत बघितलं आणि कॅल्क्युलेटर उलटासुलटा करून तपासला. दोन वर्षं आमच्या टेबलाशी बसलेला माणूस. ती जरा दुखावली होती आणि जरा खूशही होती. पेपर चांगला गेला होता. आम्हा दोघींच्याच काय, काकांच्याही मनात तेव्हा काही आलं नाही.

शुक्रवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. साडेसहाला. पुरणपोळ्या केल्या. आणि जेवण झाल्यावर, मला वाटलं, ह्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? पैसे घेणार नाहीत हे माहीत होतं. मागच्या खेपेला नागपूरहून आणलेली एक चांगली शाल होती कपाटात. मी त्यांना खुर्चीत बसवलं, कुंकू लावलं, शाल खांद्यावर घातली, हातात नारळ दिला. मुलीला म्हटलं, पाया पड. ती पडली. मी म्हटलं, काका, तुम्ही हिला शिकवलंत, हिच्या बाबांची जागा घेतलीत, हे मी जन्मात विसरणार नाही. काका शाल खांद्यावर तशीच ठेवून बराच वेळ बसून राहिले. मला वाटलं, भारावले असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, आठला येतो. आठला ते दारात होते. हातात कापडी पिशवी. किचनच्या टेबलावर त्यांनी शाल ठेवली, माझ्याच घडीवर घडी घातलेली, आणि शेजारी नारळ. आणि उभ्याउभ्याच सांगायला लागले.

एप्रिलमध्ये सुपरवायझर एक फॉर्म भरून देतात. त्यात एक प्रश्न असतो: हा विषय तुम्ही कुणा विद्यार्थ्याला शाळेत किंवा खासगी शिकवता का? शिकवत असाल तर त्या विषयाच्या परीक्षेला तुम्ही सुपरवायझर म्हणून बसायचं नाही. काकांनी दरवर्षीप्रमाणे 'नाही'वर खूण केली होती. अगदी सरळ मनाने. कारण ते शिकवत नव्हते, ते ओळखीच्या घरी मेथी निवडत होते. आता सोमवारी सकाळी ते शाळेत जाऊन हे सांगणार होते. मला आधी कळावं म्हणून आले होते.

मला आधी नीट समजलंच नाही. समजलं तेव्हा म्हटलं,

"काका, तुम्ही फी घेतलीत का कधी? एक डॉलर तरी?"

"नाही."

"मग शिकवणी कसली? आपल्यात शेजारचं मूल अडलं तर कोणीही बसतं त्याच्याजवळ. तुम्हीच म्हणायचात, मेथी निवडायला येतो."

"म्हणत होतो. मला स्वतःलाही तसंच वाटत होतं." ते शालीकडे बघत होते. "मग काल तू मला शाल कशाची दिलीस? मेथीची?"

मी फ्रिजवरचा कागद दाखवला. लाल गोल दाखवला. तिचे बाबा असते तर मी तोंड उघडलं नसतं, असं म्हणाले. पेपर तर तिने स्वतः लिहिलाय, तुम्ही तिला एक शब्द तरी सांगितलात का त्या खोलीत, असं विचारलं. काका म्हणाले, नाही सांगितला, पण ते आम्हा दोघांवाचून कोणाला माहीत नाही, आणि मी खोटा फॉर्म भरलेला माणूस आहे. मी म्हटलं, कोण सांगणार आहे कोणाला? ह्या घरातल्या तिघांनाच ठाऊक आहे. ते म्हणाले, तिघं पुष्कळ झाले.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी आधी कधी ऐकली नव्हती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्यांच्या सेंटरवर एका सुपरवायझरने आपल्या पुतण्याला मदत केली. ते महिन्याभराने बाहेर आलं आणि सबंध सेंटरचा निकाल रोखला. काकांचं वर्ष गेलं. त्यांच्या वडिलांनी, गावातल्या लोकांनी, कोणीच कधी पुरतं धरलं नाही की ह्याने कॉपी केली नव्हती.

"आज मी सांगितलं तर तिला पेपर परत देता येईल," ते म्हणाले. "चार वर्षांनी दुसऱ्या कोणी सांगितलं तर डिग्री परत द्यावी लागेल."

मी जे बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटते, पण लिहिते. मी म्हणाले, तुम्हाला तुमचा फॉर्म माझ्या मुलीपेक्षा मोठा आहे. घड्याळात काढलेला जन्म तुमचा, माणसं कशी असतात हे तुम्हाला काय ठाऊक? पुन्हा ह्या घरात पाऊल टाकू नका. काकांनी मान हलवली, पिशवीची घडी केली आणि दाराकडे गेले. जिन्यात मुलगी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. दार लागल्यावर मला म्हणाली, "आई, आय हेट इट. बट ही इज राइट." आणि वर जाऊन दार लावून घेतलं.

सोमवारी त्यांनी सांगितलं. मंगळवारी शाळेतून मला फोन आला. इतर मुलांच्या पेपरला धक्का नव्हता. माझ्या मुलीचा पेपर रद्द. दोन आठवड्यांनी उशिराच्या परीक्षार्थींसाठी वेगळा पेपर असतो, त्याला तिला बसता येईल. आणि काकांचं नाव शाळेने यादीतून काढलं होतं, कायमचं. हे फोनवरच्या बाईंनी मला का सांगितलं, कोण जाणे. मला बरं वाटावं म्हणून असेल. मला त्या दिवशी बरं वाटलंसुद्धा, हेही कबूल करते. मंडळात बातमी पसरायला एक दिवस पुरला. म्हातारा चळला, असं सगळ्यांचं मत पडलं. आपल्याच माणसाच्या पोरीचं असं कोणी करतं का?

त्याच मंगळवारी साडेसहाला बेल वाजली. मी जाळीच्या दारातून बघितलं, काका होते, घड्याळ नॅपकिनमध्ये.

"आता मी सुपरवायझर नाही," ते म्हणाले. "आता मला शिकवता येतं."

आपण शिकवतो असं ते पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाले होते. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. मी 'नको' म्हटलं आणि आतलं दार लावलं. दहा मिनिटांनी पडदा सारून बघते तर त्यांची गाडी आमच्या घरासमोरच उभी. आत काका, ताठ बसलेले, समोर बघत. साडेसातला गाडी सुरू झाली आणि गेली. गुरुवारी बेल वाजली नाही, पण साडेसहाला गाडी येऊन उभी राहिली आणि साडेसातला गेली. मुलगी वरच्या खिडकीतून बघत होती. तिचं गणित कुठेतरी अडलं होतं. वहीत खोडाखोड दिसत होती, ती रडलेली दिसत होती. मी तिला म्हटलं, ऑनलाइन कोणीतरी शोधू.

पुढच्या मंगळवारी साडेसहाला तिने वही उचलली, चप्पल घातली, माझ्यासमोरून दार उघडून बाहेर गेली आणि त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

मी खिडकीशी उभी राहिले. मे महिन्यात आमच्याकडे साडेआठपर्यंत उजेड असतो, सगळं स्पष्ट दिसत होतं. तिने वही मांडीवर घेतली होती. ती लिहीत होती, थांबत होती, डोकं वर करत होती, पुन्हा मागे जाऊन बघत होती. आणि काकांचे हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले होते. त्यांना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. मधूनच बोटं चाळवत होती.

माझ्या फ्रिजमध्ये मेथी होती. कितीतरी वेळ मी खिडकी आणि फ्रिज ह्यांच्यामध्ये फेऱ्या घातल्या. मग जुडी काढली, एक ताटली घेतली, रस्त्यावर गेले आणि त्यांच्या बाजूच्या खिडकीतून आत दिली. त्यांनी ताटली मांडीवर घेतली, जुडीचा दोरा सोडला आणि मुलीला म्हणाले, "पुढे."

गुरुवारी ते घरात आले, आणि परीक्षेपर्यंत येत राहिले.

निकाल जुलैत लागला. तिला चार मिळाले. पहिल्या पेपरात किती मिळाले असते ते आता कोणालाच कळणार नाही, मला अजूनही वाटतं पाच. पण तिच्या कॉलेजला चार पुरत होते. क्रेडिट मिळालं. फ्रिजवरच्या लाल गोलात तिने बरोबरची खूण केली. मी शाल काढली आणि काकांना फोन केला, की येते. ते म्हणाले, आत्ता नको. क्रेडिट मिळालं म्हणजे शिकली असं होत नाही. तिला पुढच्या वर्गात बसू दे, तो विषय पास होऊ दे, मग दे. मग मी घेईन.

डिसेंबरात ती पुढच्या वर्गात पास झाली. नुसती पास नाही, चांगली झाली. तिने आधी त्यांना फोन केला आणि मग मला. मी ठरवलं, ह्या शनिवारी शाल घेऊन जायचं. त्या शनिवारी ऑफिसचं काही निघालं. मग ख्रिसमस, मुलगी घरी, मग तिच्या मैत्रिणी. मग म्हटलं, संक्रांतीला जाऊ, तिळगूळही होईल. त्यांचा एकदा फोन आला होता, काय गं, कधी येतेस? मी म्हटलं, येते काका, नक्की येते. त्यांनी दिवस आणि वेळ विचारली. मी म्हटलं, कळवते.

संक्रांतीच्या चार दिवस आधी ते गेले. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून आत आले, कोट काढला आणि खुर्चीत बसले, ते तिथेच.

मी उशीर केला. ह्याला दुसरा शब्द नाही. आयुष्यात एकच गोष्ट त्या माणसाने माझ्याकडून घ्यायची कबूल केली होती, आणि मी ती वेळेवर नेली नाही. त्यांचा मुलगा सिएटलहून आला होता, फ्युनरल होममध्ये दहा ते अकरा अशी वेळ होती. मुलगी कॉलेजमधून आली होती. ती म्हणाली, आई, शाल घे, त्यांच्या अंगावर घालू. मी नाही नेली. काका उशिरा आलेल्याला आत घेत नसत. मग तिने हट्ट सोडला. शाल अजून माझ्याच कपाटात आहे, त्यांनी घातलेल्या घडीवर.

मुलीचं कॉलेज तीन वर्षांत झालं. आता ती शिकागोला नोकरी करते. मागच्या वर्षी माझ्या कंपनीने बरीच माणसं कमी केली, त्यांत मी. घरी बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा मी त्याच हायस्कूलमध्ये बदली शिक्षिका म्हणून नाव दिलं. ह्या एप्रिलमध्ये त्यांनी विचारलं, मे महिन्यात एपीला सुपरवायझर म्हणून बसाल का? स्टॅटिस्टिक्सच्या पेपरला माणूस हवाय. मी हो म्हटलं. ऑफिसातल्या तरुण बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. आणि तो प्रश्न समोर आला, काकांनी सांगितला होता अगदी तसाच.

मार्चमध्ये आमच्या शेजारची मुलगी एका संध्याकाळी आली होती. स्टॅटिस्टिक्सचं एक उदाहरण तिला सुटत नव्हतं. मी तिला थालीपीठ दिलं, शेजारी बसले, चाळीस मिनिटांत ते सुटलं. जाताना तिच्या आईसाठी डब्यात दोन थालीपिठं दिली. बस, एवढंच.

मी पेन हातात धरून बसले ते पाहून त्या बाईंनी विचारलं, काही अडचण आहे का? मी सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, चाळीस मिनिटं? एकदाच? पैसे न घेता? ह्याला शिकवणं नाही म्हणत हो, शेजाऱ्यांची मदत म्हणतात. 'नाही'वर खूण करा.

अगदी हेच मी माझ्या किचनमध्ये उभी राहून बोलले होते.

"डबा परत आला तेव्हा रिकामा नव्हता," मी म्हणाले. "शिकवल्याबद्दल म्हणून तिच्या आईने लाडू घालून पाठवले होते."

त्यांना काही कळलं नाही, आणि मीही जास्त समजावलं नाही. 'हो'वर खूण केली. त्यांनी मला स्टॅटिस्टिक्सवरून काढून इतिहासाच्या पेपरला टाकलं. पेपर सोमवारी होता, सुपरवायझरने साडेसातला हजर राहायचं होतं. मी सातला पोचले. खोली उघडी होती, आत कोणीच नव्हतं. रिकाम्या बाकांच्या मधोमध एका खुर्चीवर जाऊन मी बसले आणि वाट बघत राहिले.